दोन महिने थांबा की

"तो रिपोर्ट तुम्ही दाबला का नाहीत?" ठाण्यात तलावपाळीवर, लग्नात जेवणाच्या रांगेत, कुणी ना कुणी विचारतंच. सूर असा, की काय मिळालं त्यातून? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमची इमारत चरईतली, चाळिशी ओलांडलेली. मी सेक्रेटरी, कारण सभेत दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे ती किती भक्कम राहिलीय याची तपासणी, करावंच लागतं, म्हणून केलं. इंजिनीअर पोरगा तळमजल्यावरच्या खांबांवर हातोडी मारत फिरला. टण, टण, टण. जिन्याजवळच्या खांबावर आवाज बदलला, ठप्प. त्याने नखाने गिलाव्याचा पापुद्रा काढला. आतल्या सळईचे पदर सुटलेले, खारी बिस्किटासारखे. "काका, लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला बाहेर ढकलतं. वरून रंग मारून काय होणार?" रंग आम्ही गेल्याच दिवाळीत मारला होता, वर्गणी काढून.

रिपोर्ट आला, सी-टू-ए. म्हणजे आधी माणसं बाहेर, मग दुरुस्ती.

नेमकं तेव्हाच दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी घर विकत होते. टोकन घेऊन झालेलं. घेणाऱ्याच्या बँकेला सोसायटीची एनओसी हवी, म्हणजे माझी सही. रात्री आले, चहाही नको म्हणाले. "दोन महिने थांबा की. व्यवहार होऊ दे, मग द्या महापालिकेला. पोराची फी भरायचीय." वाईट माणूस नव्हे हो. हिच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्याबरोबर रात्रभर बाकड्यावर बसलेला माणूस.

मी चार दिवस रिपोर्ट कपाटात ठेवला, हिच्या साड्यांखाली. मला धीट म्हणणाऱ्यांना हे चार दिवस माहीत नाहीत. मे संपत आला होता. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बी-केबिनची जुनी इमारत रात्री कोसळून १२ माणसं गेली, ती जागा आमच्याकडून चालत जाण्याच्या अंतरावर. पण खरं सांगतो, मला ती आठवून जाग आली नाही. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की नातीला मी त्या खांबाजवळ फिरकू देत नाहीये. आणि बाकीची पोरं तिथेच स्टंप लावून खेळतायत.

त्याच दुपारी प्रभाग समितीत प्रत दिली, पोच घेतली. एनओसी दिली नाही. व्यवहार मोडला. सगळे भाड्याच्या घरांत पांगलो, कुणी कळव्याला, कुणी घोडबंदरला. पहिल्या मजल्यावरच्या आजींना कळवा मानवलं नाही. वर्षाच्या आत तिथेच गेल्या. ते मी कुठल्या खात्यात मांडू, अजून ठरवता आलेलं नाही.

"पण इमारत पडली कुठे?" लोक म्हणतात. नाही पडली. त्या खांबाला आता काँक्रीटचं जाडजूड जॅकेट आहे, पोरं त्यावर खडूने स्टंप काढतात. शेजारी त्याच्याच बाजूने जिना चढतात, माझ्याशी न बोलता.