डोंगर मोकळा दिसला की निघायचं : कोल्हापूर ते केपटाऊन

केपटाऊनला जायचं ठरलं आणि पहिली अडचण निघाली ती लेकीच्या जन्मदाखल्यात. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहिलेला. नंतर नाव घालून घ्यायचं आमच्याकडूनच राहून गेलं. चार वर्षं कुठे अडलं नाही, ते पासपोर्टला अडलं. शिवाय मुलांच्या कागदपत्रांबाबत दक्षिण आफ्रिका फार कडक आहे. आई-वडील दोघांची नावं असलेला पूर्ण दाखला व्हिसाच्या अर्जाला लागतो, आणि मूल एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्रही. नाव चढवून नवा दाखला हातात पडेपर्यंत तीन आठवडे गेले. घरात लहान मूल असेल तर तिकिटांचे दर बघण्याआधी त्याचा दाखला काढून बघा, एवढं कळकळीने सांगते.

बाकी कागद नेहमीचे : बँकेचे उतारे, परतीचं तिकीट, दादाचं निमंत्रणपत्र, पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं. रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबई गाठली, अर्ज दिला आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत. नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा वकिलातीची ताजी यादी बघूनच फाईल लावा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जायचं तर पिवळ्या तापाच्या लशीचे नियम बघावे लागतात. आमच्याबरोबर सासरे होते, वय अडुसष्ट, आणि साठीपुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जपून असतात. म्हणून आम्ही दुबईमार्गे गेलो.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बारा वर्षं तो तिथेच आहे. मी मोठ्या हौसेने दिवसावार आखणी करून त्याला पाठवली होती. त्याचा लगेच फोन आला. "अगं, टेबल माउंटन चौथ्या दिवशी टाकलायस होय? जोतिबावर धुकं कधी उतरणार हे आठवडाभर आधी सांगता येतंय काय?" त्याने ती आखणी बाजूला ठेवायला लावली. तारीख फक्त रॉबेन बेटाची पक्की कर, कारण त्या बोटीची तिकिटं आधी संपतात. डोंगराचा दिवस मात्र ठरवू नको. सकाळी उठून खिडकीतून बघायचं, माथा स्वच्छ दिसला की बाकी सगळं टाकून निघायचं.

याचं कारण तिथे गेल्यावर कळलं. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, तिथे आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. शहरातली घाण हवा उडवून नेतो म्हणून लोक त्याला 'केप डॉक्टर' म्हणतात. तोच वारा समुद्रावरची ओल डोंगरावर चढवतो आणि सपाट माथ्यावरून ढग पांढऱ्या चादरीसारखा खाली ओघळू लागतो. बघायला अप्रतिम, पण वारा वाढला की रोपवे बंद. आम्ही फेब्रुवारीत गेलो. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला दादाने दार वाजवलं, "चला, मोकळा आहे." चहासुद्धा न घेता निघालो. पाळणा 1929 पासून चालू आहे, आताचे गोल पाळणे चढताना स्वतःभोवती एक फेरी घेतात, त्यामुळे खिडकीसाठी कुणाला रेटारेटी करावी लागत नाही. पाचेक मिनिटांत वर. हजारभर मीटर खाली अख्खं शहर, बंदर आणि समोर समुद्रात रॉबेन बेट. पुढचे तीन दिवस रोपवे बंद होता. माझ्या आखणीप्रमाणे चाललो असतो तर डोंगर खालूनच बघून परतलो असतो.

रॉबेन बेटावर तुरुंग दाखवायला पूर्वीचे राजकीय कैदीच असतात. मंडेला सत्तावीस वर्षांपैकी अठरा वर्षं इथे होते. ज्या खाणीत चुनखडी फोडायला लावत तिथल्या पांढऱ्या झगझगाटाने त्यांचे डोळे कायमचे दुखावले. त्या खाणीसमोर आमची बस थांबली तेव्हा माझ्या लेकीनेही डोळ्यांवर हात घेतला. साडेतीन तास लागतात. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, मन लागत नाही.

केप पॉइंटचा दिवस गाडीने करा. रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूने, त्यामुळे यांना चालवायला जड गेलं नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. जाताना चॅपमन्स पीकचा घाट घ्या, डोंगर कोरून काढलेला, खाली थेट समुद्र. तिथून पुढे सायमन्स टाउनला बोल्डर्स बीचवर पेंग्विन, लाकडी फळ्यांच्या वाटेपासून अगदी हातभरावर. गाडीची काच उघडी ठेवून खाऊ मात्र काढू नका, केप पॉइंटला बबून माकडं दांडगी आहेत. आणि केप ऑफ गुड होप हे आफ्रिकेचं दक्षिण टोक नव्हे, ते टोक आणखी आग्नेयेला, केप अगुल्हासला. पोहायचं असेल तर म्युझेनबर्गच्या बाजूला जा. कॅम्प्स बेचं पाणी दिसायला सुरेख, पण पाय बुडवला की हाडं गारठतात. आणि हो, आपल्या गिझरची मोठी तीन गोल पिन तिथल्या सॉकेटात बसते. तसल्या पिनेची एक एक्स्टेंशन बोर्ड नेली की झालं.

आता द्राक्षांचं. सासऱ्यांची, आम्ही अण्णा म्हणतो त्यांना, तासगावजवळ बाग आहे. ऐन हंगामात धाकट्या दिरांवर सोपवून ते आले ते फक्त स्टेलनबॉशसाठी. केपटाऊनहून पन्नासेक किलोमीटर. 1679 साली वसलेलं गाव, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी जुने ओक, पांढऱ्या भिंतींची घरं. पुढे फ्रान्शहूकला बागांमधून फिरणारी ट्राम आहे. वाइन चाखायची असेल तर तीच घ्या, स्वतः गाडी चालवायची असेल तर चाखू नका. अण्णा माळकरी, ते चाखण्याच्या टेबलाशी आलेच नाहीत. आमच्यापुढे पिनोटाजचा पेला आला (ही जात 1925 मध्ये स्टेलनबॉशलाच दोन द्राक्षजातींच्या संकरातून तयार झाली) आणि अण्णा बागेच्या कडेला उकिडवे बसलेले.

"आरं, हितं मांडवच न्हाई की."

खरंच नव्हता. तार नाही, अँगल नाही. कमरेएवढ्या उंचीची, जाड, पिळवटलेली खोडं एकेकटी झुडपासारखी उभी, आणि घड पानांच्या आत जमिनीपासून हातभर उंचीवर. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी. तिथे थंड हिवाळ्यात वेल पानं टाकून झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. पस्तीस वर्षांवरच्या बागांची वेगळी नोंद ठेवतात आणि लागवडीचं साल बाटलीवर छापतात. हे दादाने सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. "आमची बारा-पंधरा वर्षांत थकती," एवढंच म्हणाले.

पलीकडच्या ओळीत तोडणी चालली होती. अण्णांनी एक मणी तोंडात टाकला. बारीक, जाड सालीचा, आत बिया, पण गोडी अशी की त्यांनी डोळे मिटले. "चोवीस ब्रिक्स तरी असंल. आपण अठराला तोडतो." (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप.) तोडणाऱ्या माणसाच्या हातात आपल्यासारखीच आखूड कात्री होती. अण्णांनी हात पुढे केला. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, तरी त्याने कात्री दिली. तो स्वतः घड कापून सरळ क्रेटमध्ये टाकत होता. चिरडायचाच माल, जपायचं कशाला? अण्णांनी मात्र घड देठाला धरला, मण्यावरची पांढुरकी झाक पुसू नये म्हणून बोट कुठे लागू दिलं नाही, कापला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. त्या माणसाने क्षणभर अण्णांच्या हाताकडे बघितलं. मग त्यानेही तो घड देठाला धरूनच घेतला आणि क्रेटच्या वरच्या बाजूला अलगद ठेवला.