भिवापूर ते अंदमान: डायव्हिंगचं सामान विमानातून नेताना

मी पोहायला शिकलो तो कमरेला डबा बांधून, विहिरीत. डायव्हिंगचा कोर्स तारकर्लीला केला आणि सामान एका मित्राकडून सेकंडहँड घेतलं. ते अंदमानला न्यायचं ठरलं आणि घरात वजनाचे वांधे सुरू झाले.

तिकिटावर बॅगेला 15 किलो, हातात 7. मिरची तोलायचा काटा अंगणातच होता, त्यावर एकेक वस्तू ठेवली. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, साडेतीन किलो. फिन्स, म्हणजे पायातली वल्ही, 2, वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख, 2, बूट 1, रिकामी बॅग 3. कपड्यांसकट 14 झाले. शेजारचे काका बघत होते. म्हणाले, "फवारनीचा पंप घेऊन कुठं चालला गा?"

त्यात आईने 2 किलो तिखट आणून ठेवलं. "तिथं मच्छी खाशील, तं तिखट कोनाच्या घरून आनशील?" भिवापूरच्या मिरचीपुढे वाद चालत नाही. जीन्स काढली, तिखट गेलं.

हवेचा सिलिंडर आणि शिशाची वजनं तिथेच भाड्याने मिळतात. सिलिंडर न्यायचाच तर रिकामा आणि व्हॉल्व्ह काढलेला लागतो. शिवाय साधा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाही 14 किलोच्या आसपास भरतो. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा नळीने तोंडाशी आणणारं यंत्र), मास्क आणि डाइव्ह कम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी घड्याळ) मात्र मी हातातच ठेवले. बॅग आपटली तरी फिन्सला काही होत नाही, रेग्युलेटरवर श्वास अवलंबून असतो.

पहाटेच्या एसटीने उमरेडमार्गे नागपूर गाठलं. बॅग दिली आणि पाचच मिनिटांत माझ्या नावाचा पुकारा. पाण्यातला टॉर्च सेलसकट बॅगेत राहिला होता, चूक माझीच. लिथियमचे सुटे सेल बॅगेत चालत नाहीत, हातातच न्यावे लागतात. सेल काढला, टोकांना चिकटपट्टी लावली, खिशात टाकला. चाकू बॅगेतच होता, तो तिथेच हवा. पुढे सुरक्षा तपासणीत रेग्युलेटरच्या चार नळ्या बघून जवानाने विचारलं, "ये क्या है, गैस का पाइप?" मी तोंडाला लावून दाखवला, मोबाइलमधला पाण्याखालचा फोटो दाखवला. तो हसला. मागची रांग हसली नाही.

चेन्नईला विमान बदललं, बॅग थेट पोर्ट ब्लेअरला मिळाली.

तिथल्या हॅवलॉक बेटावरचे डाइव्ह छान झाले, पण परतीचं विमान सकाळचं होतं, हे तिकीट काढताना डोक्यातच आलं नव्हतं. अनेक डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास थांबावं लागतं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन वरच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. शेवटच्या दिवशीचे दोन्ही डाइव्ह सोडले. पैसे भरलेले होते. किनाऱ्यावर बसून बाकीच्यांना बोटीत चढताना बघितलं. मनगटावरच्या कम्प्युटरवर 'अजून उडू नको' सांगणारं विमानाचं चिन्ह होतं, ते रात्री गेलं.

परतताना सामान ओलं, म्हणजे जड. बीसीडी उलटी धरून नळीतून पाणी काढलं तर जवळजवळ अर्धा लिटर निघालं! तिखट संपलेलं होतं, म्हणून निभावलं.

घरी सगळं टाक्यातल्या गोड्या पाण्यात रात्रभर भिजवलं. सकाळी आईने वेटसूट मिरच्यांशेजारी उन्हात टाकलेला. उचलून कडुनिंबाखाली नेला. रबर उन्हात तडकतं.