इथे पाच आहे, इथे नाही

पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत आमचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग रात्री साडेआठला भरतो. त्याआधी जमत नाही. धुणी-भांडी, स्वयंपाकाची कामं उरकून बायका घरी येतात, स्वतःच्या घरचं करतात आणि मग वही घेऊन बसतात. पावसाळ्यात हजेरी रोडावते, कारण प्रत्येक घरात कुणी ना कुणी तापाने पडलेलं असतं. जुलैतल्या त्या रात्रीही मोजक्याच जणी होत्या. मी जोडाक्षरं घ्यायची ठरवून आले होते.

वर्ग सुरू झाल्यावर एक मावशी आल्या. पन्नाशीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, चार घरी काम करणाऱ्या. हातात वहीऐवजी प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी तिच्यातून औषधाची दोन खोकी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ताई, ही दोन्ही एकच का? सून म्हणती एकच. मला नाही वाटत."

दोन्ही एकाच कंपनीची, एकाच रंगाची. दोन्हीवर पॅरासिटामॉल. एक चार वर्षांच्या मोठ्या नातवाचं, मागच्या तापातलं. दुसरं अकरा महिन्यांच्या धाकट्यासाठी त्याच दिवशी आणलेलं. मोठ्याला एक झाकण देत होते, म्हणून सून धाकट्यालाही झाकणभर द्यायला निघाली होती. मावशींनी तिचा हात धरला आणि खोकी घेऊन थेट वर्गात आल्या.

"तुम्हाला का नाही वाटत एकच?" मी विचारलं.

त्यांनी खोक्याच्या कडेवरच्या बारीक इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "इथे पाच आहे," मग दुसऱ्यावर, "इथे नाही."

माझ्या अंगावर काटा आला. मोठ्याच्या पातळ औषधावर लिहिलं होतं, दर ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम. धाकट्याचे थेंब होते, दर मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. तेच ५ मिलीचं झाकण भरून थेंबांचं औषध दिलं असतं, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं असतं. मोठ्या माणसाच्या एका गोळीएवढं, अकरा महिन्यांच्या बाळाला, आणि ताप उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला बाहेरून काही कळतही नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक मिली लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर अजून होते. एक मिली, खोक्यातल्या ड्रॉपरनेच, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मावशींकडून ते परत म्हणवून घेतलं. ते परत म्हणवून घेणं मला फार मोलाचं वाटलं. "कळलं ना?" या प्रश्नाला आमच्या बायका नेहमी होच म्हणतात.

सून सातवीपर्यंत शिकलेली आहे. मराठी ती सरळ वाचते. पण इंग्रजी खोकं दिसलं की हे आपल्यासाठी नाही असं मानून वाचणाराही नजर फिरवतो. मावशींच्या मनात ती भीती अजून बसलेली नव्हती, कारण आकडे त्या नव्याने शिकत होत्या आणि दिसेल तिथे शोधत होत्या. आम्ही मराठी आणि इंग्रजी आकडे शेजारी शेजारी शिकवतो ते याचसाठी. मराठी एक आणि इंग्रजी नऊ चेहऱ्याने इतके सारखे आहेत की नुसते मराठी आकडे शिकलेली बाई औषधाची तारीख हमखास चुकीची वाचते.

मावशी लगबगीने घरी गेल्या. जोडाक्षरं राहिली ती राहिलीच. बाकीच्या जणींना आता घरातलंच बोलायचं होतं. जुलाब थांबले म्हणून एकीने मुलाच्या झिंकच्या गोळ्या तिसऱ्याच दिवशी बंद केल्या होत्या. त्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या असतात, हे तिला कुणी सांगितलं असेलही, पण पाकिटावरून तिला ते कळलं नव्हतं. दुसरी ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पेल्या-पेल्यात चिमटीने टाकत होती. ते अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, हे आम्ही पाण्याची बाटली समोर ठेवून दाखवलं. तिसरीचं दुःख वेगळंच. शाळेचा निरोप मोबाईलवर येतो आणि तो चौथीतली मुलगीच वाचून दाखवते, स्वतःला सोयीचा असेल तेवढा. पालकसभा झाल्याचं या आईला सभेनंतर कळलं.

औषधं शिकवणं हे साक्षरता वर्गाचं काम नव्हे, असं मला एका सहकाऱ्याने नंतर सांगितलं. मला हे मुळीच पटत नाही. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत, ते मिळायलाच हवेत. पण त्याच कार्यक्रमाच्या आराखड्यात जीवनकौशल्यांखाली आरोग्य, बालसंगोपन आणि मुलांचं शिक्षणही लिहिलेलं आहे. आणि हे पुणं आहे. इथे १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. शिक्षण आणि आरोग्य असे वेगळे कप्पे त्यांनी तरी केले नव्हते.

बाळाचा ताप दोन दिवसांत उतरला. दोन्ही खोक्यांवर मावशींनी स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "बाळ १ ड्रॉपर", "दादा ५ झाकण". दुसऱ्याचा अर्थ पाच झाकणं असा होतो हे सुनेने दाखवलं, तेव्हा खोडून "५ मिली" केलं. दोघींनी मिळून.

वर्गात आता दर आठवड्याला एक दिवस घरातल्या छापील कागदांचा असतो: औषधाची खोकी, माता व बाल संरक्षण कार्ड, प्रगतिपुस्तक, विजेचं बिल. त्याशिवाय वस्तीजवळच्या मेडिकलवाल्यांना आम्ही एकच विनंती करायचं ठरवलं आहे, की लहान मुलांच्या औषधावर किती आणि कशाने द्यायचं ते मराठीत लिहून द्या. एकाने लगेच मान्य केलं. बाकीच्यांकडे पुढच्या आठवड्यात जायचं आहे. बोलणार मावशीच आहेत, तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.