क्वीन व्हॅली : चाल सोपी, साइट अवघड

कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये क्वीन व्हॅलीच्या कच्च्या रस्त्यांवर चालायला कसलाही सराव लागत नाही. जमीन जवळपास सपाट. खरी परीक्षा शेजारच्या हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडमध्ये साइट, म्हणजे तंबू ठोकायची जागा, मिळवताना होते, आणि माझा राग अजून तिथेच अडकलाय.

इथे आरक्षण नाही. 44 साइट्स, जो आधी येईल त्याची. ऑक्टोबर ते मे हवा चांगली, त्यामुळे प्रस्तरारोहक ठाण मांडून बसतात. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन उपयोग शून्य. सोमवार ते गुरुवारमध्ये सकाळीच पोचायचं, गाडी अगदी हळू फिरवायची आणि तंबू गुंडाळताना कुणी दिसलं की सरळ विचारायचं, ‘आजच निघताय का?’ एका साइटवर 6 माणसं, 3 तंबू आणि जागा असेल तर 2 गाड्या चालतात. त्यामुळे साइटवर कुणी एकटादुकटा असेल तर ‘निम्मी साइट द्याल का?’ हेही विचारून बघावं. लाजलात तर परत फेरी मारा! मागून येणाऱ्या मित्रांसाठी खुर्ची ठेवून जागा अडवणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवू नका, तेवढ्यात दुसरी साइट जाते. नाहीच मिळाली तर वाहनतळावर गाडीत झोपायला बंदी आहे. म्हणून खात्री हवी असणाऱ्यांनी पार्कमधलं दुसरं कॅम्पग्राउंड, जंबो रॉक्सच बघावं. 124 साइट्स, सहा महिने आधीपासून ऑनलाइन आरक्षण, आणि जिऑलॉजी टूर रोड हा कच्चा रस्ता तिथून जवळच.

पाणी मात्र दोन्हीकडे नाही. माणशी दिवसाला किमान 4 लिटर, उन्हात चालायचं तर दुप्पट, आणि ते पार्कच्या आतल्या भागात शिरण्यापूर्वीच भरून घ्यायचं. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

चालायचं ते चाकोरीतून, तिथली माती दबलेली असते. कोरड्या ओढ्याचं पात्र रस्त्याला आडवं येतं तिथे वाळू भुसभुशीत, पाय रुततो, वेग आपोआप कमी होतो. रस्ता सोडून आडवं मात्र जाऊ नका; मातीवरचा काळपट, खडबडीत थर जिवंत असतो आणि एका पावलाने मोडला की भरून यायला वर्षं लागतात. गाडी आली तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभं राहा, धूळ पलीकडे जाते.

क्वीन व्हॅलीतले सगळे रस्ते मिळून 13.4 मैल, म्हणजे साधारण 21.5 किलोमीटर. ते सगळे करायची गरज नाही. पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला की मागे फिरायचं. जोशुआच्या झाडाची सावली नावापुरतीच, तेव्हा टोपी हवीच. सोबत कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा काटेरी गोळा अंगाला चिकटला तर बोटांनी ओढू नका, कंगवा त्याच्याखाली सारून गोळा उडवायचा.

कुत्रा असेल तर हेच रस्ते सोयीचे, पायवाटांवर त्याला बंदी आहे. पट्टा 6 फुटांपेक्षा लांब नको.