एकशे साठ एकरांच्या फाइलीतले आजोबा

माझ्या सासूबाई मिनेसोटातल्या, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या. त्यांचे आजोबा येलो मेडिसिन काउंटीत शेती करायचे, इतकंच त्यांना ठाऊक होतं. नॉर्वेत ते नेमके कुठले, हे मरण्याआधी एकदा कळू दे, असं त्या म्हणाल्या आणि मी शोधाला लागले. कागद कसे मिळत गेले ते इथे क्रमाने सांगते. असाच माग काढणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग या क्रमाचाच होईल.

पहिली गोष्ट, नावावरून सुरुवात करू नका. त्या काळी नॉर्वेच्या खेड्यांत कायमचं आडनाव नव्हतं. लार्सचा मुलगा ओले, म्हणून तो ओले लार्सेन. आणि पुढे राहत्या शेतवाडीचं नाव. आपल्या कोकणातल्या -करांसारखंच, पण माणूस दुसऱ्या वाडीवर गेला की नावही बदलायचं. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३च्या कायद्याने. एकेका खोऱ्यात ओले लार्सेन डझनांनी सापडतात. त्यातून आपला कोणता हे ठरवायचं तर आधी त्याची जमीन शोधावी.

अमेरिकी सरकारने वाटलेल्या जमिनींचे पट्टे भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तिथे मी टाउनशिप आणि सेक्शनचे, म्हणजे सरकारी मोजणीत जमिनीचे पाडलेले मोठे आणि छोटे चौकोन त्यांचे, क्रमांक घालून शोधलं, त्यामुळे स्पेलिंगची कटकट टळली आणि शेजाऱ्यांची नावंही एका झटक्यात समोर आली. पट्ट्यावरचा दाखला क्रमांक मिळाला की वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मूळ फाइलची नक्कल मागवता येते. पैसे पडतात आणि वाट बघावी लागते. तरी हा खर्च टाळू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची, फी म्हणून काही डॉलर. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि मग ते शपथेवर सिद्ध करायचं. आजोबांची ती शपथेवरची जबानी फाइलीत होती. घर चौदा बाय सोळा फूट, एक दार, दोन खिडक्या. त्याआधी गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं घर. एक विहीर, एक गोठा, पंचेचाळीस एकर नांगराखाली. जमिनीवरून कधी गैरहजर होतात का, या प्रश्नाचं उत्तर मी कितीदा वाचलं असेल: टोळांनी पीक खाल्लं, मजुरीला गेलो, बायको-मुलं घरीच होती.

१८७३ ते १८७७ ही सलग पाच वर्षं दक्षिण आणि पश्चिम मिनेसोटावर टोळधाड येत राहिली. पिकं गेलेल्यांना हक्क न गमावता काही काळ बाहेर राहता यावं, असे कायदे अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, करावे लागले. १८७७च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर पिल्सबरी यांनी राज्यभर प्रार्थनेचा दिवस पाळायला लावला होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात टोळ उडून गेले. पण त्यापुढचा हिवाळा येईपर्यंत त्या चौदा बाय सोळात ती बाई पोरांना घेऊन कशी राहिली असेल, हे जबानीत कुठेच नाही.

फाइलीत नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही होती. त्यात आजोबा स्वीडन आणि नॉर्वेच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतात, कारण १९०५पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता. नागरिकत्वाचा पहिला अर्ज मात्र विस्कॉन्सिनमधल्या व्हर्नन काउंटीत केलेला. म्हणजे आधी ते तिथे होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आणि जबानीचे साक्षीदार? दोघंही शेजारी, दोघंही नॉर्वेजियन. ही मंडळी गोतावळ्यानेच स्थलांतर करायची, म्हणून साक्षीदारांची नावं टिपून ठेवाच.

नॉर्वेतलं गाव अमेरिकेतल्या चर्चच्या वहीत सापडलं. तिथल्या ल्युथरन पाद्र्यांनी सभासदांच्या नोंदी नॉर्वेजियन भाषेत आणि गॉथिक वळणाच्या अक्षरात ठेवल्यात. ते अक्षर लागायला डोळ्यांना सवय व्हावी लागते. आजोबांच्या आणि एका साक्षीदाराच्या नावापुढे एकच परगणा होता, वाल्द्रेस खोऱ्यातला.

पुढचं काम घरबसल्या झालं. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटालआर्किवेट हे संकेतस्थळ सगळ्यांना मोफत खुलं आहे. १८६५च्या खानेसुमारीत आजोबा एकोणीस वर्षांचे, बाप हुसमान, म्हणजे दुसऱ्याच्या वाडीवर कामाच्या बदल्यात तुकडाभर जमीन कसणारा. त्या वर्षी जनावरं आणि पेरलेलं बियाणंही नोंदवलं होतं: एक गाय, चार मेंढ्या, थोडी बार्ली, थोडे बटाटे. नॉर्वेत लागवडीची जमीन जेमतेम तीन टक्के. हुसमानाच्या पोराला तिथे पुढे काय मिळणार होतं?

या नोंदीशेजारी मी १८८०च्या अमेरिकी जनगणनेतलं शेतीचं पत्रक ठेवलं. चार दुभत्या गायी, बैल, डुकरं, कोंबड्या, गहू, ओट. त्यात वर्षभरात घरी काढलेल्या लोण्याचाही रकाना असतो. तिथे तीनशे पौंड लिहिलंय. पत्रकावर नाव आजोबांचं, पण दूध काढणं, घुसळणं, मीठ लावून लोणी दुकानात पोचवणं ही कामं त्या घरांत बायकांची असायची. त्यांच्या बायकोच्या कष्टांचा सगळ्या कागदपत्रांत मिळालेला एकमेव आकडा हाच, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय हा वृत्तांत त्यांच्या हाती द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. ही जमीन रिकामी नव्हती. तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांकडून ती १८५१च्या कराराने घेतली गेली. राहण्यासाठी नदीकाठची चिंचोळी पट्टी त्यांना उरली होती. डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यातल्या १८६२च्या युद्धानंतर त्यांना राज्यातूनच हाकललं आणि मॅनकॅटोला अडतीस जणांना एकाच वेळी फाशी दिली. त्यानंतर जेमतेम अकरा वर्षांनी आजोबांनी तिथे अर्ज केला. त्यांचे कष्ट खरे आहेत आणि हेही तितकंच खरं आहे. सासूबाईंना हे ऐकायला जड गेलं, पण ‘लिही’ म्हणाल्या.

त्यांना वाडीचं नाव मिळालं, नकाशावर जागाही दाखवली. आता माझा शोध आजीसाठी चालू आहे. चर्चच्या वहीत तिच्या बापाचं नाव आहे, वाडीचं नाही. तेव्हा १८६५च्या खानेसुमारीत त्या खोऱ्यातल्या, तिच्या वयाच्या, दुसऱ्यांच्या घरी कामाला असलेल्या मुली मी एकेक करून तपासते आहे.