मेजर, काकू आणि छप्पन एपीओ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बहुतेक जण शिक्षकांवर लिहिणार, हे उघड आहे. लिहिण्याजोगे शिक्षक आपल्याला लाभलेही. मी मात्र आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांविषयी लिहिणार आहे आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घराविषयी.

भगूरमध्ये राहून तोफेचा आवाज ओळखत नाही, असा माणूस सापडायचा नाही. तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीला आली, तेव्हापासून आपल्या भागाला त्या आवाजाची सवय आहे. रेंजवर फायरिंग असलं की वर्गाची तावदानं थरथरायची. नव्याने बदलून आलेले सर दचकायचे आणि आम्ही पोरं खाली मान घालून हसायचो. जुने सर फळ्यावरचा हात न थांबवता म्हणायचे, “त्यांचं चालू द्या, आपलं चालू द्या.”

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील याच तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना मेजर म्हणायचं. आपल्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सुरुवातीला ते लोकांना दुरुस्त करायचे म्हणे, पुढे कंटाळून त्यांनी ती बढती स्वीकारली. निवृत्तीनंतर सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली होती. इस्त्रीची खाकी पँट, पायात कँटीनमधून आणलेले बूट आणि बोलण्यात अधूनमधून फौजी हिंदी.

त्यांना कमी ऐकू यायचं. वर्षानुवर्षं तोफेजवळ उभं राहिल्यावर कानाचं जे होतं तेच झालं होतं. अशा कानातून आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. त्यामुळे चौकातल्या पुरुषांचं बोलणं मेजरांना बऱ्यापैकी कळायचं, पण बायको आणि मुलींचं नाही. हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. आता वाटतं, त्या घराची खरी अडचण हीच होती. काकू त्यांच्याशी इतक्या मोठ्याने बोलायच्या की आज मेथी आहे की पिठलं, हे अख्ख्या गल्लीला कळायचं. भांडण करायचं असेल तर मात्र त्या आवाज खाली आणायच्या. ते त्यांना ऐकू जायचं नाही आणि काकूंचं मन मोकळं व्हायचं.

या कानांचा फायदा माझ्या मैत्रिणीने पुरेपूर उठवला. आठवीच्या पालकसभेत आमच्या वर्गशिक्षिका, आवाज अगदी नाजूक, म्हणाल्या, “गणितात अजिबात लक्ष नाही, आणि बडबड फार.” मेजरांनी मुलीकडे पाहिलं. तिने त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ नीट हलवत, ठणठणीत आवाजात सांगितलं, “गणिताकडे थोडं बघा म्हणतात, बाकी उत्तम!” मेजर खूश झाले. बाईंनी बाकाच्या कडेला धरून हसू आवरलं.

दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनानिमित्त शाळा त्यांना व्यासपीठावर बोलवायची. आम्ही छातीला कागदी झेंडे टाचून मैदानात बसायचो. पोरांना गोष्ट हवी असायची: शत्रू, संगिनी, रणगाडे. मेजर १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर होते, त्यांच्याकडे त्या आघाडीचं पदक, पश्चिमी स्टार, होतं, मग गोष्ट असणारच. पण ते सांगायचे ती आकडेमोड. पंचवीस पाउंडर तोफेचा गोळा साडेअकरा किलोंच्या आसपास. तोफेवर सहा माणसं. मारा सुमारे बारा किलोमीटर. पुढे बसलेला अधिकारी वायरलेसवर आकडे देतो, तुम्ही तोफेचं तोंड तसं वळवता, आणि ज्याच्यावर गोळा पडतो तो तुम्हाला कधी दिसत नाही. “आम्ही शत्रू बघितलाच नाही. आम्ही आकडे ऐकले,” असं एकदा म्हणाले. पोरं हिरमुसली. मला ते वाक्य अजून भाषण म्हणून कमालीचं वाटतं, पण तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

एका वर्षी मुख्याध्यापकांनी ओघात सांगितलं की १६ डिसेंबरला युद्ध संपलं. मेजर खुर्चीतूनच म्हणाले, “सर, सतरा.” ढाक्याची शरणागती सोळाची, पण पश्चिमेकडच्या तोफा १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता थांबल्या, हे त्यांना पाठ होतं. त्या मधल्या दिवसातही ते तोफेवर उभे होते. हा तपशील त्यांना वगळू द्यायचा नव्हता.

माझी भूमिती मात्र त्यांच्या ओट्यावर सुधारली. तोफखान्यात वर्तुळाचे ३६० अंश चालत नाहीत, ६४०० मिल चालतात, कारण एक मिलचा कोन एक किलोमीटरवर जवळजवळ एक मीटर व्यापतो. हात ताठ धरून समोरचं एक बोट म्हणजे साधारण ३० मिल. “ती पाण्याची टाकी बोटाआड पूर्ण झाकली ना? पंधरा मीटर रुंद आहे. मग लांब किती?” मी म्हटलं, अर्धा किलोमीटर. “शाबास. गोळा वाया नाही गेला.” प्रमाण ही काय चीज आहे, ते मला पुस्तकाने नाही, त्या टाकीने शिकवलं.

पण युद्धाची गोष्ट म्हणाल तर ती काकूंकडे होती, आणि ती कुणी व्यासपीठावर विचारली नाही. १९७१ मध्ये त्या सासू-सासऱ्यांजवळ भगूरला होत्या, पदरी थोरला मुलगा. नवरा वर्षातून दोन महिने रजेवर येणार, उरलेलं वर्ष मनीऑर्डर आणि पत्र. पत्त्यावर गाव नाही, जिल्हा नाही, नुसतं ‘केअर ऑफ ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं टपालघर. चौथी शिकलेल्या काकूंनी तो पत्ता गिरवून गिरवून पाठ केला होता. डिसेंबरात पत्रं थांबली. रात्री दिवे झाकायचे, रेडिओजवळ बसायचं. कुणाला भीती पत्र न येण्याची नव्हती, तार येण्याची होती. पोस्टमन गावचाच, समजूतदार. तो गल्लीच्या तोंडाशीच हात वर करून ओरडायचा, “कार्ड आहे, कार्ड!” म्हणजे तार नाही. युद्धानंतर मेजरांचं जे पहिलं पत्र आलं, त्यात युद्धाचा शब्द नव्हता. म्हैस व्याली का, आणि बापूंचा खोकला कसा आहे, एवढंच. काकू सांगायच्या, “मला असा राग आला! अन् मग रडलेच.”

थोरला मुलगा आपल्याच शाळेत. पहिल्या दिवशी गुरुजींनी विचारलं, वडील कुठे असतात? तो म्हणाला, “छप्पन एपीओला.” गुरुजींनी प्रवेशाच्या रजिस्टरात तसंच लिहून टाकलं. त्याला ते गावच वाटायचं, लासलगावच्या पुढे कुठेतरी.

मेजर गेल्यावर काकूंचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं. सैन्याच्या नोंदीत त्यांचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, या टेबलावरून त्या टेबलावर. प्रतिज्ञापत्र आणा, ते आणलं तर नमुना जुना. आयुष्यभर नवऱ्याच्या कागदांची पिशवी सांभाळलेल्या बाईला ‘तुम्हीच त्या कशावरून’ असं विचारलं गेलं. माझी मैत्रीण शाळेत आली. लिपिकांनी धूळ झटकून जुनं रजिस्टर काढलं. त्यात पालक म्हणून काकूंची पूर्ण नावानिशी सही होती, वडील अमुक, राहणार छप्पन एपीओ. त्याची साक्षांकित प्रत इतर कागदांना जोडली गेली आणि गाडी हलली. त्या लिपिकांचे आभार इथे छापून यावेत, म्हणूनही हा लेख.

काकू आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी नातू त्यांना स्कूटरवर नेतो. समितीला एवढंच सुचवते, की महोत्सवाच्या कार्यक्रमात मेजरांच्या फोटोला हार घालणारच असाल, तर पाच मिनिटं काकूंनाही बोलू द्या. त्यांना माईक द्यायची गरज नाही, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल.