तांब्याची गोळी निवडताना: माझा अनुभव

कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कारण कॉन्डर, तिथलं मोठं गिधाड. जनावराला लागल्यावर शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात, शिकारी आतडी रानातच टाकून जातो आणि मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या या पक्ष्याच्या पोटात ते विष जातं. 1982 मध्ये जगात जेमतेम 22 कॉन्डर उरले होते. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकापायी गिधाडं कशी गेली हे ठाऊक असलेल्या माणसाला हा कायदा पटवून द्यावा लागत नाही.

मी .308 विंचेस्टर या रायफलची काडतुसं घरी भरतो, तेव्हा शिशाऐवजी तांब्याकडे वळलो. बार्न्स टीटीएसएक्स, हॉर्नाडी सीएक्स आणि नॉस्लर ई-टिप या तिन्ही तांब्याच्या गोळ्या आणल्या. आधी टेबलावर शिशाची 165 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) जुनी गोळी आणि तांब्याची 168 ग्रेनची शेजारी उभी केली. वजन जवळपास तेच, पण तांब्याची चांगलीच उंच. शिशाची घनता घनसेंटीमीटरला 11.3 ग्रॅम, तांब्याची 8.96, त्यामुळे तेवढ्याच वजनाला लांबी वाढते. लांब गोळी काडतुसात खोल बसते, पावडरची जागा खाते आणि दाब वाढवते. म्हणून शिशाच्या गोळीचं पावडरचं माप तांब्याला कधीही लावू नये. प्रत्येक गोळीसाठी तिच्याच कंपनीचा तक्ता उघडायचा आणि सुरुवात त्यातल्या सर्वात कमी मापापासून करायची. इथे मी कुणाच्या तोंडी सल्ल्यावर जात नाही.

लांब गोळीला स्थिर राहायला नळीच्या आतल्या खाचांचा, म्हणजे रायफलिंगचा, पीळही जास्त लागतो. माझ्या नळीत 12 इंचांना एक वेढा, म्हणजे पीळ सैलच. 168 ग्रेनच्या गोळ्यांचे गट, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचे पुंजके, 100 यार्डांवर पसरले. 150 ग्रेनवर उतरलो तसे ते आवळत आले. तिन्हींत माझ्या रायफलला टीटीएसएक्स सर्वात मानवली, तीही रायफलिंगपासून थोडी लांब बसवल्यावर. दुसऱ्याच्या नळीला दुसरी मानवेल. गोळी बदलताना मात्र नळीत साचलेलं तांबं सॉल्व्हंटने पूर्ण काढायचं, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

अचूकतेइतकंच महत्त्वाचं म्हणजे लागल्यावर गोळी उमलणं. पाण्याच्या कॅनच्या रांगेत गोळी झाडली आणि ती बाहेर काढून हातात घेतली: चार पाकळ्या मागे वळलेल्या, बूड शाबूत, वजन जवळजवळ पूर्ण. पण त्यासाठी वेग लागतो. साधारण सेकंदाला 1,800 ते 2,000 फुटांच्या खाली तांबं नीट उमलत नाही, गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन हाल सोसतं. ते मला अजिबात मान्य नाही. म्हणून जड गोळीचा हट्ट सोडला, क्रोनोग्राफ या वेगमापकावर वेग मोजला, तो अंतरागणिक किती उतरतो ते पाहिलं आणि स्वतःला 250 यार्डांची मर्यादा घातली. रानडुक्कर त्यापलीकडे असेल तर जवळ जायचं, नाहीतर सोडून द्यायचं.